संभाव्य

कुंभारवाड्यातल्या देवशी नथुभाईंना
खोकला नव्हता.
एवढ्या एका गोष्टीवर तीन महिने गेले.

पहिला डॉक्टर म्हणाला, भट्टीचा धूर. फवारा दिला.
दुसरा म्हणाला, पित्त.
तिसऱ्याने सुजलेले पाय बघून पाण्याच्या गोळ्या दिल्या,
आणि चौथ्या दिवशी देवशीभाई चाकाशेजारीच कोसळले,
मुठीत ओली पणती.
संध्याकाळचा ताप कुणी विचारला नाही.
विचारला असता तर म्हणाले असते,
भट्टीपुढे बसणाऱ्याला ताप कसा कळायचा, साहेब?

मीही नाही विचारला.
रात्रीचे अडीच, परळचा आमचा म्युनिसिपल वॉर्ड,
चाळीस खाटा, पासष्ट माणसं.
स्टेथोस्कोप ठेवला तर ठोके लांबून आले,
शेजारच्या खोलीत कुणी खलबत्त्यात काही कुटावं
आणि मधलं दार लोटलेलं असावं, तसे.
मी माझ्या कानांना दोष दिला.
दोन रात्री झोपलो नव्हतो.

सकाळी मोने मॅडम आल्या.
हात लावण्याआधी नुसत्याच उभ्या राहिल्या पायथ्याशी.
"मानेकडे बघ."
शीर फुगून कानाच्या पाळीपर्यंत चढलेली,
ताठ बसवलं तरी उतरेना.
मग मनगट धरलं. "श्वास घ्या, देवशीभाई. आत. सावकाश."
आणि मला म्हणाल्या, "आता तू."
माझ्या बोटांखालची नाडी
श्वासासरशी बुडाली,
श्वास सुटला तशी वर आली.
पुस्तकात ह्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती.

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.
पुस्तकं म्हणतात, पाण्याची बाटली.
देवशीभाई खाटेवरून मान वाकडी करून बघत होते.
"हा तर माठ," ते म्हणाले.
"ओला. बुडाशी बसलाय.
कुणी उतरवला एवढ्या घाईत?"

कुणी हसलं नाही.

इकोच्या पडद्यावर हृदयाभोवती काळं पाणी,
त्यात शेवाळासारखे हलणारे तंतू,
उजवा कप्पा प्रत्येक ठोक्याला आत दबणारा.
सुई घातली. विटा धुतलेल्या पाण्याच्या रंगाचं निघालं,
साडेसातशे मिली.
दोनशेवरच त्यांनी उशी मागितली
आणि आडवे झाले,
सतरा रात्री बसून काढल्यानंतर.

मग कागद येत गेले.
काचेखाली जंतू: दिसला नाही.
जीनएक्सपर्ट: आढळला नाही.
एडीए अठ्ठ्याहत्तर. पेशी बहुतेक लिम्फोसाइट.
कल्चरला सहा आठवडे.
"नाही आढळला म्हणजे नाहीच, असं नसतं,"
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या.
"ह्या पिशवीत तो मूठभरही नसतो. बाकी कल्लोळ अंगाचाच.
वजन बघ, ताप बघ, हे शहर बघ.
सहा आठवडे थांबशील तू?"

मी केसपेपरवर लिहिलं:
हृदयावरणाचा क्षय. संभाव्य.
गोळ्या त्याच दुपारी सुरू.

जीवीबेननी मला जिन्यात गाठलं.
"टीबी तर छातीत होतो ना? आमच्यात कुणी खोकत पण नाही.
सून भरल्या दिवसांची आहे."
मग अगदी हळू:
"वाड्यात कळलं तर
आमच्या हातची पणती कोण लावणार देवापुढे?"
ह्याची तपासणी माझ्याकडे नव्हती.
सुनेचा एक्स-रे पोटावर पत्रा धरून काढतात,
एवढंच मी सांगू शकलो.

सातव्या आठवड्यात कल्चरचा कागद आला:
वाढ नाही.
त्याच दिवशी लिफ्ट बंद होती
आणि देवशीभाई तीन मजले चढून आले,
मध्ये एकदाच टेकले,
तेही म्हणाले, चप्पल तुटली म्हणून.
मी मान बघितली. शीर दिसेना.
नाडी धरली. श्वास आत, श्वास बाहेर,
ती तिथेच, बोटाखाली.

त्यांनी बोट मुडपून
स्वतःच्या छातीवर टिचकी मारली,
विकायला काढण्याआधी मडकं वाजवतात तशी,
आणि कान देऊन थांबले.
"किती महिने राहिले?"
"साडेचार."
"म्हणजे अजून भट्टीतच."

केसपेपरवरचा तो शब्द
मी खोडला नाही.
बाहेर कुणीतरी बसून झोपलेलं होतं,
भिंतीला टेकून, पाय सुजलेले.
मी आधी
मानेकडे बघितलं.